गाडी आपली, किल्ली कुणाची?

अलीकडे प्रवासवर्णनांचा एक नवा वाण बाजारात आला आहे. एकट्याने मोटारसायकलवरून केलेला लांबचा प्रवास. पूर्वी माणसे काशी-रामेश्वर करून येत आणि मावंदे घालत; आता लेह-लडाख किंवा कच्छचे रण करून येतात आणि लेख लिहितात. त्याबद्दल तक्रार नाही. मीही त्यांतलाच एक आहे. तक्रार आहे ती त्या लेखांत हटकून येणाऱ्या एका शब्दाबद्दल: 'एकट्याने'. वारा, रस्ता आणि मी, अशी तीनच पात्रे त्या नाटकात असतात. वाटेत पंक्चर काढणारा, तुटलेली क्लच वायर बदलून देणारा, चेनला वंगण घालून पैसे न घेणारा, हे सगळे विंगेत उभे. त्यांना ना नाव, ना वाक्य.

वाचकहो, दोनशे किलोमीटरच्या पुढे कुणीही एकटा जात नाही. ज्या प्रवासाचे दाखले ही मंडळी उठता-बसता देतात तो अर्नेस्टो गेव्हाराचा १९५२ सालचा दक्षिण अमेरिकेचा प्रवास घ्या. तो पुढे 'चे' म्हणून जगाला ठाऊक झाला. बरोबर आल्बेर्तो ग्रानादो हा मित्र होता आणि खाली १९३९ ची नॉर्टन ५०० होती. तिचे नाव त्यांनी 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशाली, असे ठेवले होते. ही बलशाली चिलीपर्यंत कशीबशी ओढत नेली आणि तिथे तिने राम म्हटला. पुढचा पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला हा सगळा प्रवास ट्रकने, बोटीने, पायी. मोटारसायकलवरच्या प्रवासाचे जगातले सर्वांत गाजलेले पुस्तक हे निम्म्याहून अधिक बंद पडलेल्या मोटारसायकलीचे पुस्तक आहे, हे आमच्या 'राइडर' मंडळींच्या लक्षात कसे येत नाही कोण जाणे!

आपल्याकडेही ज्यांनी राजदूत, येझदी, बुलेट किंवा बजाजची चेतक चालवली त्यांना हे सांगावे लागत नाही. स्कूटर कलती करायची, किक मारायची, नाहीच ऐकली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर तोंडाने फुंकर मारायची. जे आपल्याला जमत नसे ते पुढच्या फाट्यावरच्या मिस्त्रीला जमत असे. त्या गाड्या गुणी होत्या असे मी म्हणत नाही. तेल गळायचे, धूर ओकायच्या, पावसात हटकून रुसायच्या. पण त्या रुसल्या तर समजूत कुणीही काढू शकत होता.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते आता एक छोटा संगणक ठरवतो. हवा किती आत आली, इंजिन किती तापले, क्रँक कुठल्या क्षणी कुठे आहे, याची खबर त्याला सेन्सर देतात. धूर कमी झाला, थंडीत गाडी एका बटनावर सुरू होते, हे चांगलेच झाले. ज्यांनी सुरतच्या उधना-पांडेसराच्या रस्त्यांवर संध्याकाळी श्वास घेतला आहे, ते तरी जुन्या धुराच्या आठवणीने उसासे टाकणार नाहीत. माझे भांडण त्या संगणकाशी नाही. त्याला जे कुलूप घातले आहे त्याच्याशी आहे.

हे कुलूप मला कसे भेटले ते सांगतो. नंदुरबारहून निघून सुरत, बडोदे, अहमदाबाद, भुज आणि तिथून धोळावीरा, असा जाऊन-येऊन अठराशे किलोमीटरांच्या पुढचा पल्ला मी केला. नवी गाडी, वॉरंटीतली. परत येताना कडोदरा चार रस्ता मागे टाकून बारडोलीकडे लागलो आणि दुतर्फा ऊस सुरू झाला, तोच गाडी बंद. पुन्हा बटन दाबले की सुरू होई. गिअर टाकला की बंद. न्यूट्रलमध्ये खुशाल चाले, पण पहिला गिअर पडला की मान टाकी. पेट्रोल भरपूर, बॅटरी ठणठणीत. मीटरवर एक पिवळा दिवा लागलेला. तो दिवा काय सांगतो हे बघायला गाडीबरोबर आलेले पुस्तक काढले, तर त्यात सुंदर इंग्रजीत एकच सल्ला होता: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.

साधला. रविवार होता. फोनवरच्या मुलीने अतिशय गोड हिंदीत माझा नंबर, गाडीचा नंबर, चासीचा नंबर आणि मी सुरक्षित ठिकाणी उभा आहे ना, हे विचारले. मग सांगितले की गाडी उचलून नेणारे वाहन उद्या सकाळी येईल. तोवर मी काय करू, असे विचारल्यावर तिने जे वाक्य म्हटले ते तिला पढवलेले होते हे उघड होते: बाहेरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल. उसाच्या फडाशेजारी, भर दुपारी, चाळीस किलो सामानासह मला गाडीची राखण करण्याचा हुकूम झाला होता. गाडीचे सगळे पैसे मी भरले होते. हप्तासुद्धा शिल्लक नव्हता.

ढकलत ढकलत अर्ध्या किलोमीटरवर एक पत्र्याचे शेड लागले. गुजराती अक्षरांत 'गेरेज' लिहिलेले, बाहेर जुन्या टायरांची उतरंड. आतला माणूस चाळिशीचा. त्याने गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिले आणि गुजरातीत नाही, हिंदीत नाही, सरळ अहिराणीत विचारले, "काय व्हयनं, भाऊ? बंद पडनी का?" तो मूळचा शहाद्याकडचा. बाप सुरतेत मिलमध्ये आला, हा इथेच वाढला. गिऱ्हाइकाशी गुजराती, ट्रकवाल्यांशी हिंदी, बायकोशी अहिराणी, आणि मुलाच्या शाळेत मराठी, अशा चार भाषा तो दिवसभरात पाना बदलावा तितक्या सहज बदलतो.

त्याने काय केले? गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली, गिअर टाकला, ती बंद पडली, आणि तो खाली बसला. साइड-स्टँडच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. स्टँड खाली असताना कुणी गाडी दामटू नये म्हणून तो इंजिन बंद करतो. रणातल्या खारट चिखलाने तो स्विच खाल्ला होता. स्टँड वर असले तरी संगणकाला ते खालीच वाटत होते. त्याने स्विच उघडला, पेट्रोलात बुडवलेल्या ब्रशने धुतला, हवेने सुकवला, गंजलेली पिन घासली, तिथला तुटका प्लास्टिकचा कनेक्टर काढून दुसरा बसवला. वीस मिनिटे. दीडशे रुपये. वर चहा त्याचा.

पण या लेखाचे खरे कारण त्याने चहा पिताना सांगितलेली गोष्ट आहे. तो म्हणाला, "हे नशीब समजा. स्विच होता म्हणून डोळ्यांनी दिसलं. पंप गेला असता, सेन्सर गेला असता, तर मी काहीच करू शकलो नसतो. बिघाडाचा कोड वाचायचं मशीन पाहिजे. प्रत्येक कंपनीचं वायर निराळं, प्रत्येकाचं मशीन निराळं. ते आम्हाला देत नाहीत." मग तो बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, या दोन परत पाठवायच्या आहेत. काय बिघडले आहे हे त्याला अंदाजाने ठाऊक होते. खात्री करून घ्यायचा मार्ग त्याच्यासाठी बंद होता. वीस वर्षे ज्याने इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगितला, त्या वैद्याच्या हातून नाडीच काढून घेतली आहे.

पुढचा अंक घरी आल्यावर झाला. महिन्याभराने मीटरचा पडदा काळा पडला. हा दोष अगदी निराळा; स्टँडच्या स्विचचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी उलटी-पालटी करून पाहिली, त्यांना तो नवा कनेक्टर दिसला, आणि जॉबकार्डावर इंग्रजीत नोंद झाली की वायरिंगला बाहेरच्या व्यक्तीने हात लावला आहे, सबब वॉरंटी लागू नाही. मी विचारले, मग उसाच्या फडात रात्र काढायची होती का? व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होता. त्याने खांदे उडवले नाहीत, पाणी दिले. पैसे मात्र मीच भरले.

आता या कुलुपाचे वकील काय म्हणतात ते ऐकू. पहिला मुद्दा सुरक्षिततेचा: आजच्या गाडीत एबीएस असते, संगणक असतो, अर्धशिक्षित हात लागला तर अपघात होईल. मुद्दा अगदीच पोकळ नाही. ब्रेकच्या यंत्रणेत चुकीचा हात जीव घेऊ शकतो. पण मग त्यावर उपाय शिक्षण हा की अंधार? डॉक्टर चुकतील म्हणून वैद्यकाची पुस्तके कुणी जाळत नाही. ज्याला रोग कळू दिलेला नाही तोच मिस्त्री नाइलाजाने दोन तारा जोडून स्विच कायमचा निकामी करतो. कोड वाचता आला असता तर त्याने सरळ भाग बदलला असता. म्हणजे ज्या धोक्याची भीती घालतात, तो धोका कुलूपच वाढवते.

दुसरा मुद्दा प्रदूषणाचा. इथे तर वकिलांनी जरा इतिहास वाचावा. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत बिघाडाची खबर देणारी ओबीडी-दोन ही व्यवस्था सक्तीची झाली ती धुरावर लक्ष ठेवण्यासाठीच. आणि तिच्याबरोबर कायद्याने एकाच मापाचे सॉकेट सक्तीचे केले. कारण उघड आहे. दोष कुणालाही वाचता आला तर तो लवकर दुरुस्त होतो आणि धूर कमी होतो. पर्यावरणाचा कायदा आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री हे शत्रू नाहीत, हे तिकडे तीस वर्षांपूर्वी ठरून गेले. त्याच देशातल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारदुरुस्तीचा हक्क हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला आणि मतदारांनी तो प्रचंड बहुमताने उचलून धरला. तिथले शेतकरीसुद्धा ट्रॅक्टरच्या संगणकाला घातलेल्या कुलुपाविरुद्ध भांडत आले आहेत. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार म्हटल्यावर काय होते, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला अमेरिकेने शिकवायला नको.

तिसरा मुद्दा, आणि तो दबक्या आवाजात मांडतात, की यंत्रामागची विद्या कंपनीची मालमत्ता आहे. असेल. इंजिन कसे बनवले ते कुणी विचारत नाही. बंद का पडले एवढेच विचारतो आहोत.

आपल्याकडे कायद्याने अगदीच डोळे मिटले आहेत असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने या कंपन्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली, दंडाची रक्कम वादात गेली. आणि मुळात तो निकाल चारचाकींपुरता होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. छान झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. ज्या कंपनीला वाटेल तिने माहिती द्यावी, नाही वाटले तर देऊ नये, याला हक्क म्हणत नाहीत, मर्जी म्हणतात.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो, कारण हा अंक सीमेवरच्या वाचकांचा आहे. आपल्याकडे भाषेचा प्रश्न म्हटला की पाट्या आठवतात. कुठल्या अक्षरांत, किती मोठ्या, वर कुणाच्या आणि खाली कुणाच्या. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेले, उंबरगाव तालुक्यातली गावे गेली, नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतलीही काही गावे गेली. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर असे आहे की सीमारेषा त्याच्या मधून जाते. बाकाच्या एका अंगावर महाराष्ट्र, दुसऱ्या अंगावर गुजरात, आणि गाडीची वर्दी चार भाषांत. लोक तिथे कौतुकाने फोटो काढतात. या सगळ्याबद्दल आपण पानेच्या पाने लिहिली. बेळगावकरांनी तर त्याहून अधिक लिहिली, आणि त्यांना ते भोगावेही लागले. पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला कुठल्या भाषेत काय वाचायला मिळते, हा प्रश्न एकाही संमेलनाच्या ठरावात मी पाहिलेला नाही.

सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून मुले शिकतात. एका शहराने, तेही दुसऱ्या राज्यातल्या, आपल्या लिंबायत-डिंडोलीच्या पोरांना मराठीत अक्षरओळख करून दिली. बाराखडी मिळाली; पुढे वाचायला काय? तोच पोरगा सातवी-आठवीनंतर गॅरेजमध्ये हाताखाली लागतो, तेव्हा त्याच्या धंद्याची सगळी विद्या एका इंग्रजी पुस्तकात असते, आणि ते पुस्तक त्याला विकतही मिळत नाही. आपली साहित्यिक मंडळी परिभाषा बनवतात ती कोशासाठी. गॅरेजने आपली परिभाषा केव्हाच बनवली आहे. पाना तापीच्या वरही पाना आणि खालीही पानाच. पक्कड दोन्हीकडे पक्कड. आपला स्क्रू-ड्रायव्हर तिकडे 'डिसमिस' होतो, एवढाच काय तो फरक, आणि सुरतेतून परतलेल्या मिस्त्रींबरोबर तो शब्दही इकडे आला आहे. बेळगावच्या उद्यमबागेत मराठी आणि कानडी कामगारांत असाच शब्दांचा सौदा चालतो. या भाषेत दुरुस्तीचे पुस्तक लिहायला विद्वान लागत नाहीत. लिहू देण्याची परवानगी लागते.

कुणी म्हणेल, एका मिस्त्रीसाठी एवढा आक्रोश कशाला? तो शिकेल, अधिकृत सर्व्हिस सेंटरात नोकरी धरेल. हे म्हणणाऱ्याने सुरतेतला खान्देश पाहिलेला नाही. भुसावळ-सुरत ही तापी लाइन म्हणजे आपल्या दोन-तीन पिढ्यांची पोटाची वाट. जळगाव, धुळे, नंदुरबारचा कोरडवाहू शेतकरी त्या गाडीत बसला आणि उधन्याला उतरला. बहुतेक जण लूमवर आणि मिलमध्ये गेले. तिथे बारा-बारा तास पाळी, मालक दुसरा, यंत्र दुसऱ्याचे. त्यांतून जो सुटून रस्त्याच्या कडेला चार पाने आणि एक हवेचा पंप घेऊन बसला, तो स्वतःच्या धंद्याचा धनी झाला. त्याला आता पुन्हा बारा हजारांच्या नोकरीवर जाऊन कंपनीचा शर्ट घाल असे सांगणे म्हणजे त्याच्या बापाने केलेला प्रवास उलटा करायला लावणे आहे. आणि अधिकृत सेंटरे तरी कुठे आहेत? सुरतेत ढीगभर आहेत. सोनगड सोडून नवापूरचा रस्ता धरा, अक्कलकुव्याच्या बाजूला चढा, मग मोजा. गाडी मात्र तिथेही हप्त्यावर विकतात, अगदी धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर.

विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आल्या की हे कुलूप आणखी जड होणार आहे. बॅटरीची पेटी बंद, तिचा संगणक बंद, आणि काही गाड्यांत तर कंपनी दुरूनच त्यात फेरफार करू शकते. तिथे वादाला उशीर झाला तर वादच उरणार नाही.

पाडव्याला आपल्या घराघरांत नवी गाडी येते. शोरूममध्ये हार, नारळ, पेढे, चावीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि फोटो. त्या दिवशी विक्रेत्याला तुमची सर्वांत जास्त गरज असते. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला त्याची. तेव्हा सही करण्याआधी विचारा, बिघाडाचा कोड वाचायचे साधन बाहेरच्या मिस्त्रीला विकत मिळते का, आणि कितीला? दुरुस्तीचे पुस्तक मराठीत किंवा गुजरातीत आहे का? गावातल्या मिस्त्रीने एक स्विच धुतला तर मीटरची वॉरंटी का जाते? तो हसेल, वरिष्ठांना विचारतो म्हणेल, पेढ्याचा बॉक्स पुढे करेल. पेढा घ्या. उत्तर मात्र लेखी मागा, सही-शिक्क्यानिशी, आणि ते मिळेपर्यंत चेक खिशात ठेवा.